देहाची ठेवण आणि हातातला फोन

इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांना जडणाऱ्या व्याधींविषयी १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे १७१३ साली त्याला जी भर घातली तीत कारकून व लेखनिक यांच्या दुखण्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले. या लोकांच्या त्रासाची त्याने तीन कारणे नोंदविली आहेत. दिवसभर एका जागी बसून राहणे, हाताची एकाच दिशेने चाललेली अविरत हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही ती कारणे वाचताना मध्ये तीनशे वर्षे लोटली आहेत असे वाटतच नाही. त्या काळी हे दुखणे दप्तरखान्यात बसणाऱ्या मोजक्या माणसांच्या वाट्याला येई. आज दप्तरच प्रत्येकाच्या तळहातावर येऊन बसले आहे. अंगणवाडीतील सेविका बालकांची वजने आणि उंच्या फोनवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरते, शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीची नोंद करतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी पुण्यातल्या अभ्यासिकेत तासन् तास त्याच लहानशा काचेवर व्याख्याने पाहतो, आणि परदेशी असलेल्या नातवंडांचे मुख आजीला दिसते तेही त्याच काचेतून. तेव्हा फोन टाकून द्या असे कोणास सांगणे आज व्यवहार्य नाही, आणि तसे सांगण्याचा माझा हेतूही नाही. तो धरावा कसा, एका बैठकीस किती वेळ धरावा, आणि त्यापायी शरीरावर जे देणे साचते ते कसे फेडावे, एवढाच मजकूर मला वाचकांपुढे ठेवायचा आहे. कारण मान, खांदे आणि अंगठा यांची तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढणारी माणसे आता केवळ उतारवयातली राहिलेली नाहीत, आणि त्यांपैकी पुष्कळांचे दुखणे वेळीच थोडी दक्षता घेतली तर टळण्यासारखे असते.

प्रथम मानेची रचना ध्यानात घेतली पाहिजे. प्रौढ माणसाचे मस्तक सुमारे साडेचार ते साडेपाच किलोग्रॅम वजनाचे असून ते सात मणक्यांच्या, पुढे किंचित बाक असलेल्या, स्तंभावर तोललेले असते. त्याचा गुरुत्वमध्य आधारबिंदूच्या थोडा पुढे पडत असल्यामुळे, आपण ताठ बसलेले असतानाही डोके पुढे कलंडू पाहते आणि मानेच्या मागचे स्नायू त्याला हलक्या ओढीने सतत मागे धरून ठेवतात. एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या प्रवाशाची हनुवटी छातीवर येऊन टेकते ती ही ओढ सैल पडल्यामुळेच. आता डोके जसजसे पुढे झुकेल तसतसे त्याचे वजन आधारबिंदूपासून दूर जाते, तरफेच्या नियमाने त्याचा जोर वाढतो, आणि त्याला तोलण्यासाठी मागच्या स्नायूंना त्या प्रमाणात अधिक बळ लावावे लागते. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने हा हिशेब मांडला. त्याप्रमाणे मान १५ अंश झुकली असता मणक्यांवर पडणारा भार सुमारे १२ किलोग्रॅम, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना सुमारे २७ किलोग्रॅम इतका भरतो.

हे आकडे वर्तमानपत्रांतून जगभर छापले गेले आणि त्यांनी अनेकांच्या मनात धास्ती भरविली. म्हणून त्यांविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे आहे. ते गणिताने काढलेले आकडे आहेत, जिवंत माणसाच्या मानेत उपकरण बसवून मोजलेले नव्हेत. शिवाय मान ही वाकण्यासाठीच घडलेली आहे, आणि भात लावणाऱ्या, निवडण-टिपण करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या माणसांनी ती पिढ्यान् पिढ्या वाकविली आहे. ब्राझीलमध्ये रिओ येथील संशोधकांनी १८ ते २१ वर्षे वयाच्या १५० तरुणांची पाहणी करून २०१८ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, फोन पाहताना मान अधिक वाकविणारे आणि मान दुखते अशी तक्रार करणारे यांची सांगड त्या पाहणीत बसत नाही. यावरून बसण्या-उठण्याच्या ढबीचा दुखण्याशी काहीच संबंध नाही असा अर्थ कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. परंतु केवळ कोनाकडे बोट दाखवून या दुखण्याची कैफियत पुरी होत नाही, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते. माझ्या मते येथे कोनापेक्षा काळाचे महत्त्व अधिक आहे. मान किती वाकली याहून ती न हलता किती वेळ वाकलेली राहिली, हा प्रश्न स्नायूच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे, आणि पुढील सर्व सूचना याच एका विचारातून निघालेल्या आहेत.

चालताना, दळताना, पोहताना स्नायू आकुंचन पावतो आणि सैल होतो; प्रत्येक सैल होण्याबरोबर त्याच्यात ताजे रक्त शिरते आणि कामातून उत्पन्न झालेली त्याज्य द्रव्ये वाहून नेली जातात. पण तोच स्नायू एका जागी ताणून धरला की आतल्या दाबामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि मागणी चालू असताना पुरवठा मंदावतो. वाल्टर रोमर्ट या जर्मन श्रमशास्त्रज्ञाने १९६० साली असे अनुमान बांधले होते की, स्नायूच्या कमाल शक्तीच्या १५ टक्क्यांहून कमी जोर लागत असेल तर माणूस तो कितीही वेळ लावू शकेल. हे अनुमान बराच काळ प्रमाण मानले गेले. तथापि त्याहून पुष्कळ कमी जोर तासभर अखंड लावला तरी स्नायू थकतो, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. त्याचा उलगडा करताना स्वीडनमधील योरान हेग यांनी १९९१ साली जी उपपत्ती मांडली ती सामान्य वाचकानेही समजून घेण्यासारखी आहे. एका स्नायूत सहस्रावधी तंतू असतात, पण हलक्या कामासाठी ते सगळे कामास लागत नाहीत. लहान व चिवट तंतूंची एक ठरावीक तुकडी सर्वांत आधी कामावर रुजू होते आणि स्नायू पुरता सैल होईपर्यंत तिची सुटका होत नाही. युरोपीय लोककथेतील सिंड्रेला घरात सर्वांच्या आधी उठे आणि सर्वांच्या नंतर निजे, म्हणून या उपपत्तीला तिचेच नाव मिळाले आहे. फोन पाहणाऱ्या माणसाला आपण काही श्रम करीत आहोत असे मुळीच वाटत नाही, कारण एकूण जोर अल्प असतो. परंतु मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूतील ही दुर्दैवी तुकडी त्या वेळी विश्रांतीवाचून राबत असते. संध्याकाळी खांद्यावर जी गाठीसारखी कठीण, दाबताच कळ येणारी जागा हाताला लागते, तिचे मूळ पुष्कळदा या न जाणवणाऱ्या श्रमात असते.

मान अगदी शेवटपर्यंत वाकवून बसले असता आणखी एक प्रकार घडतो. मागचे स्नायू आपले काम जवळजवळ थांबवितात आणि डोक्याचा भार मणक्यांना जोडणाऱ्या अस्थिबंधांवर सोपविला जातो. या स्थितीत आराम वाटतो, आणि म्हणूनच माणूस तीत रमतो. पण अस्थिबंध सततच्या ताणाने सावकाश लांबतात आणि पूर्ववत होण्यास त्यांना वेळ लागतो. तासाभराने मान वर करताना जो ताठरपणा जाणवतो तो यातूनच येतो. दुसरीकडे, छातीच्या वरच्या भागातील स्नायू आखडतात, खांदे पुढे येतात, खांद्याच्या फऱ्यांमधले स्नायू ताणले जाऊन दुबळे होतात, आणि घशाच्या मागे, मणक्यांना लगटून असलेले, मानेला आतून स्थिर ठेवणारे खोल स्नायू कामाअभावी शिथिल पडतात. काही स्नायू आखडलेले आणि त्यांच्या समोरचे काही अशक्त, अशी ही तिरपी जोडी प्रागचे वैद्य व्लादिमीर यांडा यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णिली. आजचे फिजिओथेरपिस्ट रुग्णाची मान तपासताना तिचीच आठवण ठेवतात. पाठीला बाक आला की बरगड्यांची उघडझाप आणि मध्यपटलाची खालीवर होणारी हालचाल यांना जागा अपुरी पडते, श्वास उथळ होतो, आणि मग मानेच्या पुढच्या-बाजूच्या स्नायूंना श्वासोच्छ्‌वासाच्या मदतीसाठीही राबावे लागते.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. ‘फोन डोळ्यांच्या रेषेत धरा’ ही शिफारस सर्वत्र ऐकू येते. तिचा हेतू चांगला असला तरी ती जशीच्या तशी पाळणारा मनुष्य पाच-दहा मिनिटांतच खांदा दुखू लागल्याचे सांगतो, आणि त्याचे खरे असते. फोनचे वजन फार तर दोन-सव्वादोनशे ग्रॅम. परंतु एका हाताचे वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसात जवळजवळ तीन किलो असते, आणि हात अधांतरी उचलून धरला की हे सगळे वजन खांद्याच्या स्नायूंना पेलावे लागते. मानेचा भार खांद्यावर टाकला म्हणजे इलाज झाला असे नव्हे. यास्तव फोन वर आणण्यापूर्वी कोपराला आधार देण्याची तजवीज करावी. कोपर बरगडीला टेकवावे, किंवा एका हाताची घडी पोटाशी घालून तिच्यावर दुसऱ्या हाताचे कोपर ठेवावे, खुर्चीला हात असतील तर त्यांचा उपयोग करावा, मेज असेल तर दोन्ही कोपरे मेजावर टेकावीत. इतके झाले म्हणजे फोन साधारण छातीच्या वरच्या भागाशी किंवा हनुवटीच्या किंचित खाली आणावा आणि उरलेले अंतर मानेऐवजी डोळ्यांनी खाली पाहून भरून काढावे. डोळ्यांची स्वाभाविक दृष्टी क्षितिजापेक्षा थोडी खालीच असते, व पंधरा-वीस अंश खाली पाहण्यास त्यांना प्रयास पडत नाहीत.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून चाळिशीचा उल्लेख केला पाहिजे. अनेक दुखऱ्या मानांचे कारण नाकावरच्या, किंवा नाकावर नसलेल्या, चष्म्यात असते. अक्षर नीट दिसत नाही म्हणून माणूस हनुवटी पुढे काढतो आणि कासावीस होऊन काचेत डोकावतो. त्याला मानेच्या व्यायामाआधी चष्म्याचा योग्य क्रमांक हवा असतो. ज्यांच्या चष्म्यात वाचण्याचा भाग खालच्या बाजूस असतो, त्यांनी फोन फार वर धरू नये, कारण त्या खिडकीतून पाहण्यासाठी त्यांना हनुवटी उचलावी लागते आणि मान मागच्या बाजूस दुमडते. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि मात्रा बारीक अक्षरात एकमेकांत मिसळून जातात. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार दोन पायऱ्या वाढवून ठेवावा. या किरकोळ वाटणाऱ्या फेरफाराने डोके काचेपासून आपोआप मागे सरते, आणि तो करण्यास एक पैसाही लागत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये दररोज दोन-तीन तास काढणाऱ्यांची अवस्था विशेष विचारात घेण्याजोगी आहे. एक हात वरच्या कडीत, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावर एकाच बाजूला लटकणारी पिशवी, आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तोल सावरण्यासाठी कमरेपासून मानेपर्यंत आवळले जाणारे स्नायू, अशा स्थितीत बारीक अक्षरे वाचणे म्हणजे मानेकडून दुहेरी वसुली करणे होय. गर्दीत पाठीवरची सॅक पुढे छातीवर घेण्याची रीत प्रवाशांनी सोयीसाठी पाडलेली आहे. तिचा येथे चांगला उपयोग होतो, कारण त्या सॅकच्या माथ्यावर मनगट टेकवले की फोन उंचीवर येतो आणि खांदा सुटा राहतो. तरीही उभ्याच्या प्रवासात वाचण्यापेक्षा ऐकणे श्रेयस्कर. बातम्या, व्याख्याने, पुस्तके, गाणी यांपैकी जे कानांनी घेता येते ते त्या वेळेसाठी राखून ठेवावे आणि नजर खिडकीबाहेर दूरवर जाऊ द्यावी.

घरी आपण जमिनीवर मांडी घालून बसतो, आणि ही सवय सोडण्याचे काहीच कारण नाही. मात्र ज्यांचे नितंबाचे सांधे आणि मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात त्यांचा कटिभाग मांडी घातल्याबरोबर मागे कलतो, पाठीला पोक येतो, आणि मांडीवर ठेवलेल्या फोनपर्यंत पोहोचण्यासाठी मान जवळजवळ दुमडली जाते. अशांनी बुडाखाली पाट किंवा घडी केलेली सतरंजी घ्यावी, पाठ भिंतीला लावावी, आणि आपल्या जुन्या बैठकीतला लोड पाठीमागे न ठेवता मांडीवर आडवा घेऊन त्यावर कोपरे टेकावीत. पारायणाला बसणारा माणूस पोथी मांडीवर न ठेवता घडीच्या लाकडी आसनावर ठेवतो. त्यात पोथीविषयीचा आदर आहे, तशीच वाचणाऱ्याच्या मानेची काळजीही आपोआप घेतली गेली आहे. स्वयंपाकघरात एखादी पाककृती पाहून करताना ओट्यावर आडव्या टाकलेल्या फोनकडे वारंवार वाकून पाहण्यापेक्षा तो फळीवरच्या डब्याला टेकवून उभा ठेवावा.

अंथरुणातील वापर हा सर्वांत अपायकारक आहे असे मला वाटते, कारण तेथे वेळेला अटकाव करणारे काहीच नसते. ना स्थानक येते, ना कोणी हाक मारते. दोन उशांवर डोके उंच करून हनुवटी छातीला भिडलेली, किंवा कुशीवर वळून मान एका अंगाला मुरडलेली, किंवा पालथे पडून कोपरांवर भार देत मान मागे ताणलेली, अशा अवस्थेत तास-दीड तास निघून जातो आणि पुष्कळदा तशाच स्थितीत झोपही लागते. पुढचे सहा-सात तास ज्या स्नायूंची दुरुस्ती व्हायची ते मुळातच वेड्यावाकड्या अवस्थेत निद्रेत प्रवेश करतात. पाहणे अपरिहार्यच असेल तर पलंगाच्या पाठीला टेकून बसावे, कमरेमागे उशी घ्यावी, गुडघे उभे करून त्यांवर फोन टेकवावा, आणि पाहणे संपल्यावरच एका उशीवर आडवे व्हावे. फोन दूर, उठल्याशिवाय मिळणार नाही अशा जागी ठेवण्याचा घरात एकमुखी बंदोबस्त झाला तर उत्तमच.

फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून बोलण्याची सवय तत्काळ सोडावी. दुचाकीवर तसे करणे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशीही खेळ आहे. लांबचे संभाषण असेल तर इअरफोन लावून बोलावे. कोपर पूर्ण दुमडून फोन कानाशी फार वेळ धरला असता कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू ताणला जातो आणि करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात.

अंगठ्याकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे. अंगठ्याचे मूळचे काम पकडण्याचे, समोरच्या बोटांना भेटण्याचे. फोनवर आपण त्याच्याकडून दूरवर पसरण्याचे आणि क्षणोक्षणी टिचक्या मारण्याचे काम करवून घेतो, तेही त्याच हाताच्या उरलेल्या चार बोटांनी फोन पेलून धरलेला असताना. अंगठा उचलणारे काही स्नायू हातात नसून कोपरापासून मनगटाकडे येणाऱ्या भागात असतात, आणि त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील कडेवर एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या बोगद्याचे अस्तर जाड होऊन कंडरा अडखळू लागल्या की अंगठा हलवताना, बाळाला उचलताना, कपडा पिळताना मनगटाच्या कडेला तीव्र कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रित्झ द केर्व्हँ याने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले, आणि त्याचेच नाव या विकाराला मिळालेले आहे. तान्ही मुले सतत उचलणाऱ्या मातांमध्ये हा विकार पूर्वीपासून दिसतो. त्यात अंगठ्याने चालणाऱ्या अविरत लेखनाची भर पडली तर तो बळावण्यास वेळ लागत नाही. म्हणून एका हातात फोन धरावा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने लिहावे, किंवा दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांत काम वाटून द्यावे. फोनचा सगळा भार करंगळीवर टेकवू नये. चार ओळींहून लांब मजकूर असेल तर तो बोलून लिहून घ्यावा. मराठीतून बोललेले शब्द फोन आता बऱ्यापैकी उतरवून घेतो, आणि ज्या सेविकांना, शिक्षकांना रोज मोठाल्या नोंदी भराव्या लागतात त्यांनी तर ही सोय अवश्य शिकून घ्यावी. त्यांच्या वरिष्ठांनीही या नोंदींसाठी टेबल-खुर्ची आणि थोडी सवड यांची तरतूद केली पाहिजे. भर उन्हात, दारात उभे राहून तळहातावर भरलेल्या माहितीची किंमत कोणाच्या तरी मनगटाने चुकती होत असते.

वेळेच्या बाबतीत माझी शिफारस अशी की, सलग वापराची मुदत वीस मिनिटांची समजावी आणि ती संपताच अर्धा मिनिट का होईना, शरीराची मांडणी बदलावी. उभे असाल तर बसा, बसला असाल तर उठून पाण्याच्या माठापर्यंत जा, खांदे कानापर्यंत उचलून एकदम खाली सोडा, छताकडे पाहा, हाताच्या मुठी वळा आणि उघडा. यात कसलीही कसरत नाही. राबणाऱ्या त्या लहान तंतूंना क्षणभर रजा मिळावी एवढाच हेतू आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याने शरीर, मस्तक आणि मान एका रेषेत ठेवावी असे सांगितले आहे, आणि ते ध्यानापुरते यथार्थच आहे. पण फोन घेऊन कोणी दिवसभर ताठ बसण्याचा हट्ट धरील तर ताठपणानेही त्याचे स्नायू दुखतील. तेव्हा आदर्श आसन शोधण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा आसन वरचेवर बदलावे.

व्यायामाचे प्रकार थोडे निवडावेत आणि नेमाने करावेत. पहिला हनुवटीचा. समोर पाहत, मान वर-खाली न करता, हनुवटी सरळ मागे न्यावी, जणू मानेची मागची बाजू लांब करायची आहे. पाच सेकंद थांबून सोडावी आणि असे दहा वेळा करावे. मानेतल्या त्या खोल, आळसावलेल्या स्नायूंना जागे करण्यास हा प्रकार उत्तम. दुसरा, दाराच्या चौकटीत दोन्ही बाहू खांद्याच्या उंचीवर टेकवून एक पाऊल पुढे टाकावे. छातीचे आखडलेले स्नायू अर्धा मिनिट सावकाश ताणले जातात. तिसरा भुजंगासनाचा, त्यात हातांच्या रेट्यापेक्षा पाठीच्या बळावर छाती उचलणे महत्त्वाचे आहे, आणि ही बारकाई पुस्तकातून कळत नाही, शिक्षकाकडूनच कळते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचा शास्त्रीय कसोटीवर अभ्यास सुरू केला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर नेले. ही परंपरा आपल्या दाराशी असताना महागड्या यंत्रांकडे धाव घेण्याची गरज नाही. मात्र ज्यांची मान आधीच दुखत आहे त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन तूर्त तहकूब ठेवावे.

चौथा व्यायाम बळ वाढविण्याचा, आणि लोक नेमका तोच टाळतात. डेन्मार्कमध्ये मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या कचेरीतील १९८ कर्मचाऱ्यांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. रबरी पट्टी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. काहींनी रोज बारा मिनिटे आणि काहींनी केवळ दोन मिनिटे. दोन मिनिटे करणाऱ्यांचे दुखणेही लक्षणीय प्रमाणात उतरले. ज्याला वेळ नाही असे म्हणायचे आहे, त्याच्यासाठी यापुढे सबब उरत नाही. रबरी पट्टी नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या चालतील; हात कोपरात किंचित वाकलेले ठेवून सावकाश उचलावेत, सावकाशच खाली आणावेत, आणि वजन हळूहळू वाढवावे.

दोन गोष्टींविषयी ताकीद द्यावीशी वाटते. केशकर्तनालयात डोक्याची मालीश झाल्यावर मान झटक्याने वळवून कडकन आवाज काढून घेण्याची प्रथा आहे. तो आवाज ऐकून मोकळे वाटते, पण मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीस अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. मालीश करून घ्यावी, झटक्याला स्पष्ट नकार द्यावा. दुसरे म्हणजे, खांदे मागे ओढून धरणारे पट्टे. जे काम स्नायूंनी करायचे ते पट्ट्याने केले तर स्नायू अधिकच आळसावतात, म्हणून वैद्याने सांगितल्याखेरीज त्यांच्या वाटेस जाऊ नये.

साधे दुखणे या उपायांनी तीन-चार आठवड्यांत उतरणीला लागते. तसे न झाल्यास, किंवा दुखणे हातातून खाली बोटांपर्यंत उतरत असल्यास, बधिरपणा राहत असल्यास, कपबशी किंवा किल्ली हातातून निसटू लागल्यास घरगुती उपचारात कालहरण करू नये. चालताना तोल जाऊ लागला, पायांत ताठरपणा आला, लघवीवरील ताबा सुटू लागला, तापासह मान ताठली, किंवा दुखण्याची सुरुवात पडण्याने अथवा अपघाताने झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तेथे जाताना दुखणे दिवसाच्या कोणत्या प्रहरी वाढते, कोणत्या कामानंतर वाढते आणि रात्री झोपेतून जागे करते किंवा कसे, याची आठवडाभराची टिपणे सोबत न्यावीत. आणि आपण फोन पाहण्यात गढून गेलेले असताना घरातल्या कोणीतरी, आपल्याला न सांगता, बाजूने काढलेले एक छायाचित्रही न्यावे, म्हणजे दवाखान्यातल्या खुर्चीवर आपण जाणीवपूर्वक ताठ बसलो तरी फिजिओथेरपिस्टला आपली घरची ढब पाहता येते.